पाळणा डिस्नेचा, पाटी कंपनीची: थीम पार्कमधलं प्रायोजकत्व कसं चालतं

गावातला एखादा पोरगा इंजिनिअर होतो, पुण्यात नाहीतर बंगळुरूला मोठ्या परदेशी कंपनीत लागतो आणि एक दिवस कंपनीच्या कामाने अमेरिकेला जातो. तिथून फोटो येतात. त्यातला एखादा फोटो घरच्यांना कोड्यात टाकतो. बाहेर पाळण्यासाठी भलीमोठी रांग लागलेली, आणि हा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सोफ्यावर बसलेला, हातात थंड पेय. जास्तीचे पैसे दिले नाहीत, कुणाची ओळख लावली नाही. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं आणि दार उघडलं. मग आई-बाबा विचारतात, पाळण्याच्या डोक्यावर कंपनीची बैठकीची खोली आली कुठून?

ही कुणाची मेहेरबानी नाही. तो एका कराराचा भाग असतो आणि त्या कराराचे पैसे कुणीतरी भरलेले असतात. कुणी, कशासाठी, आणि शेवटी ते कुणाच्या खिशातून गेले, हे आपणही समजून घ्यायला हवं. कारण त्याच जातीचे करार आता आपल्या शाळेच्या भिंतीपर्यंत आणि जत्रेच्या मंडपापर्यंत आले आहेत.

## आधी पटावर जाऊ

दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे शंकरपट भरतात. दिवसा बैलजोड्या धावतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक. 2014 च्या बंदीने पट थांबले होते. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि पटांवरची टांगती तलवार गेली. पटाचा खर्च मोठा असतो. मैदान, मंडप, पाण्याचे टँकर, बक्षिसं, सगळंच वर्गणीतून निघत नाही. मग तालुक्याचा कृषी केंद्रवाला म्हणतो, पहिलं बक्षीस माझ्याकडून. त्याच्या बदल्यात फलकावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं, जोडी सुटताना लाउडस्पीकरवर त्याच्या दुकानाचा पुकारा होतो, मंचावर शाल-श्रीफळ मिळतं, आणि त्याच्या दुकानातल्या पोरांना मंडपाच्या सावलीत खुर्च्या मिळतात. बाकीचं गाव उन्हात उभं राहून पट पाहतं.

एवढं डोळ्यासमोर ठेवलं की पुढचं सोपं आहे. थीम पार्क म्हणजे एखादी कल्पना धरून उभारलेली कायमची जत्रा: पाळणे, खेळ, देखावे, हॉटेलं, सगळं एकाच कुंपणात. त्यातल्या एखाद्या पाळण्याचा किंवा दालनाचा काही खर्च बाहेरची कंपनी उचलते आणि बदल्यात नाव, जागा आणि सवलती घेते, याला प्रायोजकत्व म्हणतात. पटावरच्या खुर्च्यांची जागा तिथे लाउंज घेतं, म्हणजे प्रायोजकाच्या माणसांसाठी राखलेली बसायची खोली. फरक इतकाच की पटाचा व्यवहार तोंडी आणि दोन दिवसांचा असतो. पार्कचा करार वकिलांनी लिहिलेला आणि पुष्कळदा दहा वर्षांचा असतो.

## ही रीत पहिल्या दिवसापासूनची

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं. उभारायला सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर लागले. तेवढा पैसा वॉल्ट डिस्नेकडे नव्हता. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने 5 लाख डॉलर रोख दिले, 45 लाख डॉलरच्या कर्जाला हमी दिली, बदल्यात पार्कची 34.48 टक्के मालकी आणि डिस्नेचा साप्ताहिक कार्यक्रम घेतला. ही झाली भागीदारी. ती प्रायोजकत्वापेक्षा वेगळी, कारण भागीदाराला नफ्यात वाटा असतो आणि प्रायोजकाला फक्त नाव आणि सोयी.

उरलेल्या पैशांसाठी डिस्नेने पार्कमधल्या जागा कंपन्यांना दिल्या. बँक ऑफ अमेरिकेने आत चक्क शाखा उघडली. अपजॉन या औषध कंपनीने जुन्या काळाचं औषधाचं दुकान मांडलं आणि येणाऱ्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या लहान बाटल्या फुकट वाटल्या. पार्कभोवती फिरणाऱ्या रेल्वेवर सँटा फे या खऱ्या रेल्वे कंपनीचं नाव होतं. लहान मोटारी चालवायच्या खेळावर रिचफील्ड ही तेल कंपनी होती. आज आपल्याला पार्क म्हटलं की गोष्टीतली पात्रं आठवतात, पण पहिल्या वर्षीच्या डिस्नेलँडमध्ये कंपन्यांच्या पाट्याही जागोजागी होत्या, आणि त्या पाट्यांच्या पैशांशिवाय पार्क उभं राहणं अवघड होतं.

## मोन्सँटोचं प्लास्टिकचं घर

आपल्याकडच्या कास्तकाराने या यादीतलं एक नाव जरूर वाचावं: मोन्सँटो. 2002 मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याच्या शेतांत हे नाव बियाण्याच्या पाकिटावरून पोचलं. पुढे 2018 मध्ये बायरने ही कंपनी विकत घेतली आणि नाव वापरणं बंद केलं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1955 मध्येच, मोन्सँटोचं डिस्नेलँडमध्ये रसायनशास्त्राचं दालन होतं. 1957 मध्ये तिने तिथे एक अख्खं घर उभारलं, भविष्यातलं घर म्हणून. भिंती, छत, फर्निचर, जिथे जमेल तिथे प्लास्टिक. तेव्हा मोन्सँटो प्लास्टिक बनवत होती आणि अमेरिकी गृहिणीने प्लास्टिक घरात घ्यावं ही तिची इच्छा होती. दालनात कुणी विक्रेता मागे लागत नव्हता. लोक सुट्टीच्या आनंदात, पोराबाळांसह, हसतखेळत त्या घरातून फिरत आणि प्लास्टिकची सवय डोळ्यांना लागत जाई.

1967 मध्ये घर पाडलं आणि कंपनीने नवा खेळ दिला, ज्यात प्रवाशाला आपण लहान लहान होत अणूच्या आत शिरलो असं वाटे. त्या काळी डिस्नेलँडमध्ये एकेका पाळण्याचं वेगळं कूपन लागायचं. मोन्सँटोचा हा खेळ सुरुवातीची काही वर्षं फुकट होता. एका शेतकरी कुटुंबातला माणूस म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जो पाळणा फुकट आहे तिथे गर्दी सगळ्यात जास्त होते, आणि ती गर्दी हाच त्या पाळण्याचा मोबदला असतो.

1964-65 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याने ही पद्धत पक्की केली. जनरल इलेक्ट्रिक, फोर्ड आणि पेप्सीने डिस्नेकडून दालनं बनवून घेतली. पेप्सीचं दालन युनिसेफसाठी होतं आणि त्यातून जगभरच्या मुलांच्या बाहुल्यांचा तो प्रसिद्ध नौकाविहार जन्मला. मेळा संपला, पण कंपन्यांच्या खर्चाने बनलेले खेळ डिस्नेने आपल्या पार्कमध्ये आणले. मोठा पाळणा दुसऱ्याच्या पैशाने बांधता येतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

## एपकॉट: दालनांचं गाव

1 ऑक्टोबर 1982 ला फ्लोरिडात डिस्नेचं एपकॉट हे पार्क उघडलं. त्याच्या दर्शनी भागात दालनागणिक कंपनी होती. संपर्काचा इतिहास दाखवणारा मोठा गोल बेल या टेलिफोन कंपनीचा, पुढे 2005 ते 2017 सीमेन्सचा. ऊर्जेचं दालन एक्सॉन या तेल कंपनीचं, ज्याच्या छतावर 80,000 सौर घट बसवले होते. वाहतुकीचं दालन जनरल मोटर्सचं, आणि बाहेर पडायची वाट नव्या गाड्यांच्या शोरूममधून. शेती आणि अन्नाचं दालन क्राफ्टचं, नंतर नेस्लेचं. त्या दालनात नौका खऱ्याखुऱ्या हरितगृहांमधून जाते, तिथे मातीविना पिकं उभी असतात.

या दालनांमध्ये खोटं सांगितलं जायचं असं मी म्हणत नाही. प्रश्न निवडीचा आहे. तेलाच्या कंपनीने ऊर्जेची गोष्ट सांगायची आणि मोटारीच्या कंपनीने प्रवासाची, तेव्हा काय सांगायचं आणि कशावरून भरभर पुढे जायचं, हे कोण ठरवणार? पटावर सुद्धा माईक ज्याच्या हातात, बक्षीसवाल्याचं नाव तोच घेतो.

## मग कर्मचाऱ्यांना काय मिळतं?

आता त्या सोफ्याकडे येऊ. मोठ्या प्रायोजकाला पार्क त्याच्या दालनातच लाउंज देत असे. दार साधं, पाटी नसलेली किंवा अगदी लहान. आत थंड हवा, बसायला जागा, चहा-कॉफी, सामान ठेवायची सोय, स्वच्छ संडास. कंपनीचा कर्मचारी ओळखपत्र दाखवून कुटुंबासह आत जाई. काही दालनांत तिथूनच पाळण्यावर जायची वेगळी वाट असे, म्हणजे रांग चुकते. जनरल मोटर्स आणि सीमेन्सची अशी लाउंज पार्कला नेहमी जाणाऱ्यांमध्ये माहितीची होती. करार संपला की लाउंजही संपतं. जपानमधलं टोकियो डिस्नेलँड 1983 चं. तिथेही प्रायोजकांच्या पाट्या आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी राखीव खोल्या आहेत.

याचं आणखी वरचं रूप म्हणजे डिस्नेलँडमधला क्लब 33. तो 1967 मध्ये, वॉल्ट डिस्ने गेल्यानंतर काही महिन्यांनी उघडला. प्रायोजक कंपन्यांचे मोठे लोक आणि त्यांचे पाहुणे यांना निवांत जेवू घालायची ती जागा. कित्येक दशकं त्या पार्कमध्ये दारू मिळण्याचं तेवढंच ठिकाण होतं.

इथे एक गल्लत होते, ती आधीच सोडवतो. अनेक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना पार्कची तिकिटं कमी दरात मिळतात, पण त्या कंपन्या प्रायोजक नसतात. डिस्नेने 1950 च्या दशकाच्या शेवटी मॅजिक किंगडम क्लब काढला होता. आसपासच्या मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सवलतीचं कार्ड मिळे. कंपनीला पाळण्याचा खर्च उचलावा लागत नसे. ती फक्त घाऊक गिऱ्हाइकी. आज आपल्याकडच्या कंपन्यांमध्येही एचआरकडून वॉटर पार्कचा किंवा हॉटेलचा सवलतीचा कोड येतो, तो याच घरातला. लाउंजच्या मागे मात्र कंपनीने भरलेली मोठी रक्कम असते.

कंपनी हे कर्मचाऱ्यांसाठी का मागून घेते? एक तर पगार न वाढवता माणसाला मान देता येतो, आणि मान माणूस लवकर विसरत नाही. आपल्या पोरांसमोर बाप ओळखपत्र काढतो, दार उघडतं, पोरं बापाकडे पाहतात, ही गोष्ट बोनसच्या रकमेत बसत नाही. दुसरं, त्याच खोलीत कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांना आणून बसवते आणि सौद्याची बोलणी करते. माझ्या मते बहुतेक लाउंजचं खरं काम हे दुसरं आहे. कर्मचाऱ्यांची सोय त्याच्यासोबत होऊन जाते.

## “कंपनी पैसे देते, तर तिकीट स्वस्त का होत नाही?”

कारण तिकिटाचा दर खर्चावरून ठरत नाही, लोक किती देतील त्यावरून ठरतो. प्रायोजकाच्या पैशाने पार्कवाल्याचा धोका कमी होतो, नवा पाळणा लवकर उभा राहतो. फायदा प्रवाशाला होतोच, पण तो नव्या पाळण्याच्या रूपात. तिकिटाच्या दरात क्वचितच. आणि प्रायोजकाने दिलेला पैसा कुठून आला? त्याच्या मोटारी, बिस्किटं, विमा, मोबाइल घेणाऱ्यांकडून. अमेरिकेचं तोंडही न पाहिलेला माणूस पाकीट घेतो तेव्हा जाहिरातीचा वाटा त्या किमतीत बसलेला असतो, आणि पाळणा जाहिरातीतच मोडतो.

आपल्याकडे कीटकनाशकांच्या कंपन्या विक्रेत्याला ठरलेला माल खपवल्यावर बँकॉक किंवा दुबईची सहल देतात. सहलीला केंद्रवाला जातो आणि फवारणीच्या डब्याचे पैसे कास्तकार मोजतो. विक्रेत्याने कोणतं औषध सुचवलं आणि का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

## “कर्मचाऱ्यांना थोडं सुख मिळालं, तर बिघडलं काय?”

काहीच बिघडलं नाही. राबणाऱ्या माणसाला बायको-पोरांसह दोन घटका सावली मिळाली तर मला आनंदच आहे. मला खटकतं ते वेगळं. अशा सवलती ओळखपत्राला बांधलेल्या असतात, आणि ओळखपत्र कायम कामगाराला असतं. आपल्या कोळसा-सिमेंट-विजेच्या पट्ट्यात एकाच गेटमधून आत जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण ठेकेदाराकडे असतात. काम तेच, धूळ तीच, पण त्यांच्या गळ्यात ठेकेदाराचा गेटपास. सहल, वार्षिक मेळावा, मुलांची शिबिरं यांच्या यादीत त्यांची नावं सहसा येत नाहीत. कंपनी कर्मचाऱ्यांना काय देते असं कुणी अभिमानाने सांगितलं, की कर्मचारी म्हणजे नेमके कोण, हे विचारावं.

## प्रायोजक निघून गेला की

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एपकॉटचंच. 1983 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या पैशातून होरायझन्स नावाचं दालन सुरू झालं, भविष्यात माणूस समुद्रात, वाळवंटात, अवकाशात कसा राहील ते दाखवणारं. वाळवंटातल्या शेतीचा त्यातला देखावा लोकांना फार आवडायचा. 1993 मध्ये दहा वर्षांचा करार संपला, कंपनीने तो वाढवला नाही. नवा प्रायोजक मिळाला नाही. दालन मध्येच बंद, मग पुन्हा काही काळ सुरू, आणि 9 जानेवारी 1999 ला कायमचं बंद. पुढे इमारतही पाडली. आरोग्याच्या दालनाचं तेच झालं. 1989 मध्ये मेटलाइफ या विमा कंपनीच्या नावाने उघडलं, 2001 मध्ये कंपनी बाहेर पडली, 2007 उजाडता उजाडता दालनाला कुलूप.

दोन्ही दालनं लोकांना आवडत होती. पण चालवायचा, रंगवायचा, यंत्रं बदलायचा खर्च ज्याच्या भरवशावर धरला होता तो गेला, आणि पार्कला ते ओझं वाटू लागलं. उभारायला पैसा एकदाच लागतो, राखायला दर वर्षी.

आपल्याकडे वेगळी वाटही आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने आनंद सागर उभारलं ते संस्थानाच्या जोरावर; तिथली शिस्त आणि स्वच्छता सेवेकऱ्यांच्या सेवेतून आली. असं सगळीकडे जमणार नाही हे मला मान्य आहे, कारण त्यामागे लाखो भक्तांची श्रद्धा आहे. पण कंपनीची पाटी लावल्याशिवाय मोठं उद्यान होतच नाही, हेही खरं नाही.

## मुलांच्या बाबतीत जरा थांबून

मुंबईत घाटकोपरला 2013 मध्ये किडझानिया आलं. मूळ कल्पना मेक्सिकोची, 1999 ची. लहान मुलांच्या मापाचं एक शहर, त्यात बँक, दवाखाना, कारखाना, आणि मुलं तिथे मोठ्यांसारखी कामं करून खेळातले पैसे कमावतात. बरीचशी दुकानं आणि कारखाने खऱ्या कंपन्यांच्या नावाचे. पोरगं तिथे जाहिरात पाहत नाही, ते त्या कंपनीत काम करतं, तिचा गणवेश घालतं. यातून व्यवहार शिकायला मिळतो हे खरं. पण आठ वर्षांच्या मुलाला खेळ आणि जाहिरात यांतली सीमा दिसत नाही. म्हणूनच 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत चिप्स आणि शीतपेयांसारख्या गोष्टींची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमांत करू नये असं लिहिलं आहे. पोरांना अशा ठिकाणी जरूर न्यावं. परतीच्या वाटेवर, तिथे त्या कंपनीचं नाव का होतं बरं, एवढं विचारावं.

आणि एक कायदा आपल्या भागात तोंडपाठ हवा. 2003 च्या तंबाखूविषयक कायद्याने तंबाखूच्या ब्रँडला प्रसिद्धी देण्याच्या बदल्यात प्रायोजकत्व, बक्षीस किंवा शिष्यवृत्ती घ्यायला मनाई आहे. खर्रा खाणाऱ्या विदर्भात पटाच्या किंवा कबड्डीच्या फलकावर काय छापलं आहे, हे समितीने नीट पाहावं.

## “पण हा दानधर्मच नाही का?”

नाही, आणि हा फरक खुद्द कायद्याने केला आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांपासून पुढे आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. यालाच सीएसआर म्हणतात. 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनी दोन गोष्टी स्पष्टपणे त्यातून वगळल्या: आपल्या मालाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व, आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च. म्हणजे पाळणा आणि लाउंज, दोन्हींना सीएसआरमध्ये जागा नाही. करातही फरक आहे. जाहिरातीचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, सीएसआरचा तसा होत नाही.

हे आपल्याला कळायला हवं, कारण चंद्रपूरच्या कोळसा-सिमेंट पट्ट्यापासून सुरजागडच्या लोखंडापर्यंत गावागावांत कंपन्यांचे फलक लागत आहेत. शाळेला शौचालय, तळ्याचं खोलीकरण, फिरता दवाखाना हे सीएसआरमधून आलं असेल तर ती मेहेरबानी नाही, कायद्याने ठरवलेलं काम आहे. त्यासाठी शाळेच्या पोरांनी उन्हात रांगेत उभं राहून स्वागत करायची गरज नाही. उलट क्रीडास्पर्धेला किंवा जत्रेला कंपनीने नावासाठी पैसे दिले असतील, तर तो सौदा आहे, आणि सौद्यात आपल्यालाही अटी घालता येतात.

## आपल्या गावात असा करार आला तर

बागेसाठी, व्यायामशाळेसाठी किंवा पोरांच्या खेळण्यांसाठी कंपनी पुढे आली तर नकार द्यायचं कारण नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीने किंवा ग्रामपंचायतीने ते तोंडी ठेवू नये. सगळ्यात आधी विचारावं ते देखभालीचं: घसरगुंडी मोडली, बोअरची मोटर जळली तर पैसे कोण देणार आणि किती वर्षं. होरायझन्ससारखं दालन याच एका प्रश्नावर बंद पडलं. मग हा खर्च कंपनी सीएसआरमध्ये दाखवणार की जाहिरातीत, हे लेखी घ्यावं. नाव कुठे आणि केवढं लागेल, गावाचं किंवा शाळेचं नाव त्याच्यापेक्षा मोठं राहील का, हेही त्यात हवं. कंपनीच्या माणसांसाठी काही वेळ किंवा जागा राखीव राहणार असेल तर ती किती, आणि त्यात ठेकेदाराचे कामगार धरले आहेत का, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. कराराची मुदत आणि पाटी उतरवायची तारीखही त्याच कागदावर लिहावी, म्हणजे पाच वर्षांनी नवा सरपंच आला तरी वाद होणार नाही.